मागच्या गेटचा फोटो

तिला टाचणी म्हणतात. काम करताना ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात म्हणून, आणि त्या काढून ठेवल्यावरही ती टोचायची थांबत नाही म्हणून. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर तिचं अर्धं आयुष्य गेलं. तिथंच डोळ्यांना चष्मा लागला, तिथंच केस पिकले. संशय मात्र तिनं जन्माला येतानाच बरोबर आणला असावा. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांनी बदललेली गोळी, नवऱ्याचं वेळेआधी घरी येणं, कशावरही तिचा विश्वास नाही. या कारखान्यातल्या बायकांची संघटना मी गेटसमोर उभं राहून, शिव्या खाऊन बांधली. शाळा अर्धी सोडलेली मी कायद्याची पुस्तकं उशाशी घेऊन झोपत होते. आणि पहिल्या सभेत ही उठून मलाच विचारते, "ताई, ते सगळं ठीक. पण यात तुमचं काय?"

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "तुला भजन करायचं असेल तर घरी जा, इथं कामाचं बोल."

ती म्हणाली, "कामाचंच विचारतेय. तुमचं काय ते कळलं की मला झोप येईल."

तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे ती मला तपासत राहिली आणि मी तिला तपासू दिलं.

तिची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात फिनिशिंगला होती, शर्टांवरचे सुटे धागे कापायला. एका घराचे दोन भाग, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे कळावं इतकी पातळ. पण दोघींचं बोलणं बंद. कारण चपला. आपल्या नव्या चपला जाऊ गुपचूप घालून बाहेर जाते असं टाचणीला वाटलं, तिनं तळव्याला खडूची खूण करून ठेवली, आणि खूण पुसली गेल्यावर अंगणात तमाशा केला. खूण तिच्याच नवऱ्यानं त्यांवर पाय पुसताना घालवली होती हे पुढं निघालं, पण तोवर जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

ही धाकटी, आम्ही तिला धाकटीच म्हणतो, दिसायला मऊ. पण बायकांच्या संडासाची किल्ली सुपरवायझर कमरेला लावून फिरतो, मागितली की घड्याळ बघतो, हे सगळ्या जणी गिळत होत्या तेव्हा मालक पाहणीला आले असताना ही सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, किल्ली तुमच्याकडे ठेवा. तुमच्याकडे मागायला लाज कमी वाटेल." मालक हसले, मॅनेजर हसला, सुपरवायझरही हसला. किल्ली त्या दिवसापासून भिंतीवरच्या खिळ्याला लागली. मी तेव्हाच धाकटीला सांगितलं होतं, सुपरवायझर हसलाय ना, आता सांभाळून राहा.

आणि महिना उलटायच्या आत फोटो आला.

मागच्या गेटाशी धाकटी अर्धी अंगणाकडे वळून, मान खाली घालून उभी आहे, हातात कापडाचं गाठोडं आहे, आणि गेटाबाहेरचा एक माणूस ते घ्यायला हात पुढं करतोय. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट आल्यासारखा तपकिरी पट्टा. सुपरवायझरचं लेखी म्हणणं असं: मी मागच्या अंगणातून जात होतो, चोरी दिसली, लगेच मोबाइलवर फोटो काढला. धाकटीचं म्हणणं असं: त्यानंच मला सांगितलं, कात्रणाचं गाठोडं मागच्या गेटावर नेऊन दे, माणूस आलाय. सांगताना कुणी ऐकलं का? नाही. गाठोड्यात कात्रण होतं की चांगला माल? गाठोडं गेलं, माणूस गेला, फोटो राहिला. धाकटीला कामावरून घरी बसवलं आणि चौकशी लावली. फोटोची एक प्रत संघटनेकडे आली.

मी टाचणीकडे गेले. म्हटलं, जावेचं काय ते सांग.

ती बटणं लावत होती. ओठांतल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. मग म्हणाली, "ती घेऊ शकते."

"काय बोलतेस?"

"खोटं कशाला बोलू? घेऊ शकते. आणि तो सुपरवायझर जाळं लावू शकतो. दोघांचीही तोंडं मला आवडत नाहीत. राहिला फोटो. मॅनेजर म्हणतो फोटो खोटं बोलत नाही. एवढं छातीठोक कुणी सांगायला लागलं ना ताई, की मला तिथंच पाणी मुरतंय असं वाटतं."

आठवड्याभरात कळलं, ही संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. कारखान्यापासून दोन चौक सोडून कॉलेज आहे. तिथं बाहेरच्या लोकांनाही बसता येईल असा एक अभ्यासक्रम निघाला होता, छायाचित्रणाचा इतिहास. हिनं बारावी बाहेरून दिलेली, तेवढ्यावर प्रवेश मिळाला. मी तिला रस्त्यात अडवलं. म्हटलं, "शिकायचंच तर कायदा शीक, कॉम्प्युटर शीक. मेलेल्या लोकांचे फोटो बघून काय करणार? आणि त्या कॉलेजच्या दारावर पाटी कुणाची आहे बघितलीस? सभागृह तुझ्या मालकानं बांधून दिलंय."

"बघितली. म्हणून तर मागच्या बाकावर बसते."

तिला वर्गात घेतात कसे, फुकटात पंखा-दिवे पुरवतात कसे, हे मला पटत नव्हतं. गरिबाला कुणी आत बोलावलं की आधी दाराची कडी कुठून लागते ते मी बघते. एकदा मी स्वतः जाऊन खिडकीतून डोकावले. लांबट खोली, पडदा, पडद्यावर तपकिरी चित्रं, आणि समोर एक पोरगेलासा सर, शर्टाची बाही शाईनं माखलेली. मुलंमुली मोबाइलमध्ये. आणि शेवटच्या बाकावर आमची टाचणी हाताची घडी घालून, जणू सर काहीतरी विकायला आलाय आणि हिला ते घ्यायचं नाहीये.

पहिल्याच दिवशी सर तिला काकू म्हणाला. ही म्हणाली, "तुमच्या कुठल्या काकांशी लग्न झालंय माझं?" पोरं खिदळली. सर लाल झाला. त्यानंतर तो तिला काहीच म्हणेना, नुसतं "तुम्ही" म्हणून हात करायचा.

वर्गातलं ती मला येऊन सांगायची, शिकल्याच्या आनंदानं नव्हे, तक्रार केल्यासारखी. एका फार जुन्या फोटोत भर वस्तीतला रस्ता ओस पडलेला दिसतो. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. सर म्हणाला, रस्ता भरलेला होता, पण तेव्हा फोटो उमटायला इतका वेळ लागायचा की जो हलला तो पुसला गेला. बूट पॉलिश करून घेणारा एक जण थांबला होता, तेवढाच राहिला.

"मी विचारलं, आणि पॉलिश करणारा? सर म्हणाला, आहे, पण पुसट. का, तर त्याचे हात चालू होते." टाचणीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तो फोटो मीच काढला होता. "पाय पुढं करून उभा राहिला तो स्वच्छ आला. कामाला जुंपलेला पुसट. आणि हे पुस्तकात छापतात, वर शिकवतात!"

दुसऱ्या एका दिवशी युद्धाचा फोटो. मेलेला शिपाई दगडांच्या आडोशाला पडलेला. नंतर लोकांनी शोधून काढलं की तो पडला होता दुसरीकडे, फोटो चांगला यावा म्हणून त्याला ओढून इथं आणलं. ते ऐकून पोरी हळहळल्या. टाचणीला मात्र बरं वाटलं. इतके दिवस तिला वाटायचं आपण उगाच सगळ्यांवर संशय घेतो. इथं तर संशयाचं रीतसर शिक्षण मिळत होतं.

सरची एक खोड होती. फोटो पडद्यावर टाकला की तो एकाला उभं करायचा आणि विचारायचा, कॅमेरा कुठं होता? तोंडी उत्तर चालायचं नाही. तिथं जाऊन उभं राहायचं. कॅमेरा खाली असेल तर फरशीवर बसायचं, वर असेल तर खुर्चीवर चढायचं. टाचणीला त्यानं खुर्चीवर चढवलं. "या वयात," ती मला म्हणाली, "सर्कशीतल्या माकडासारखं. पोरं मोबाइलवर माझंच शूटिंग घेत होती."

आणि मग एका संध्याकाळी ती जवळजवळ पळत माझ्याकडे आली. मी तिला पळताना कधी बघितलं नव्हतं.

"ताई, फोटो उलटा आहे!"

सरनं धातूच्या पत्र्यावरचे अगदी पहिले फोटो दाखवले होते. त्यात सगळं आरशासारखं उलटं यायचं. डाव्याचं उजवं. दुकानाची पाटी उलटी, आणि पुरुषाच्या कोटाची बटणं बायकांसारखी लावलेली. बटणं म्हटल्यावर हिचे कान टवकारले. कारखान्यात बायकांना वरून घालायला जो शर्ट देतात त्याला बटणं डावीकडे, काजं उजवीकडे, बायकांचा माल असतो तसा. गेटाच्या फोटोत धाकटीच्या शर्टाची बटणं उजवीकडे आहेत!

"म्हणजे फोटोशी खेळ झालाय," ती म्हणाली. "ज्यानं उलटा केला त्यानं आणखी काय काय केलं असेल?"

मला पण पटलं. मी म्हटलं, आता बघतेच एकेकाला. तिनं वर्गातही सरला आणि पोरांना ते अभिमानानं दाखवलं होतं. तेवढं मला आवडलं नाही, पण बोलून गेलेलं आता कुठं परत घेणार.

चौकशीचा नियम असा की कामगाराच्या बाजूनं कारखान्यातलाच कुणीतरी बोलू शकतो, बाहेरचा नाही. मला खोलीत बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. ही शिक्षा कुणाला असेल तर मला. धाकटीनं फिनिशिंगच्या एकेका बाईला विचारलं. एकीचा मुलगा आजारी, एकीची सासू, एकीनं नुसती मान खाली घातली. उरली टाचणी. धाकटी माझ्याकडे येऊन म्हणाली, "तिला सांगा माझ्यासाठी बोलायला. मी नाही सांगणार." भिंतीपलीकडच्या बाईला निरोप द्यायला मला अर्धं गाव ओलांडून जावं लागलं.

चौकशी तळमजल्यावर, मॅनेजरच्या खोलीत. चौकशी अधिकारी म्हणजे कंपनीनंच नेमलेला वकील, टक्कल, कोरा चेहरा. कंपनीच्या पैशानं बसलेला माणूस न्याय कसला करणार, हे माझं मत मी चेहऱ्यावर लिहून बसले होते. समोर सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टात. टाचणी उभी राहिली.

तिनं बटणांचं सांगितलं. अधिकाऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मी मनात म्हटलं, बाण लागला.

सुपरवायझर हसला. तसाच हसला. "साहेब, गेटाची कडी बघा. खरं गेट खिडकीतून दिसतंय, त्याची कडी कुठल्या बाजूला आहे? आणि फोटोत? एकाच बाजूला. फोटो सरळ आहे."

अधिकाऱ्यानं खिडकीतून बघितलं, फोटोत बघितलं, मान हलवली. मग धाकटीकडे वळून म्हणाला, "तुमच्या शर्टाची बटणं उजवीकडे कशी?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "माझा धुतला होता. पुरुषांच्या मालातला एक नापास शर्ट पडला होता, तो घातला त्या दिवशी."

टाचणीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जन्मभर बटणं लावली, म्हणून फोटोत तिला बटणंच दिसली. समोरची हातभर कडी दिसली नाही. आणि जावेशी बोलणं असतं तर एका वाक्यात कळलं असतं, शर्ट कुणाचा होता. मला मात्र दुसरंच टोचत होतं. कडीचं उत्तर सुपरवायझरच्या जिभेवर तयार कसं होतं? वर्गातलं बोलणं कुणी पोचवलं? त्या पाटीची आठवण झाली. आजही मला खात्रीनं माहीत नाही आणि आजही माझा संशय गेलेला नाही.

"आणखी काही?" अधिकारी म्हणाला, कागद आवरायला लागला.

मी तोंड उघडलं, त्यानं बोट दाखवलं, मी मिटलं. टाचणी बसायला खाली वाकली. अर्ध्यात थांबली. फोटो पुन्हा उचलला, चष्मा वर केला, आणि म्हणाली, "साहेब, मी खुर्चीवर चढू का?"

"काय?"

"खुर्चीवर. आणि हिला जरा भिंतीपाशी उभं करा."

सुपरवायझर म्हणाला, "नाटक आहे का हे?" त्यामुळेच बहुतेक अधिकारी म्हणाला, "चढा."

ती चढली. मी खुर्ची धरली, त्याला काही परवानगी लागत नव्हती. धाकटीला तिनं पिशवी गाठोड्यासारखी धरायला लावली. "खाली बघ जरा, फोटोत बघतेयस तशी. हं." मग वरून अधिकाऱ्याला म्हणाली, "फोटोत हिचा भांग कुठपर्यंत दिसतोय?"

"मागपर्यंत. पूर्ण."

"मला इथून अर्धाच दिसतोय, खुर्चीवर चढून. हे म्हणतात अंगणातून जाताना काढला. अंगणात उभं राहिलं तर हिचं कपाळ दिसेल. पूर्ण भांग कसा दिसेल? अंगणात यांना कुणी खांद्यावर घेतलं होतं का?"

सुपरवायझर म्हणाला, "हात वर करून काढला असेल."

"हात वर करून इतकं वरून येत नाही. गेटाचं वरचं टोकसुद्धा वरून दिसतंय. फोटो माडीवरून काढलाय." ती खाली उतरली. आता तिला कुणाची भीती वाटत नव्हती, मलाच थोडी तिची वाटायला लागली. "माडीवर मागच्या गेटाकडे एकच खोली उघडते. सँपलची. आणि तिच्या खिडकीच्या काचांना आतून पुठ्ठे चिकटवलेत, उन्हानं कापडाचा रंग उडू नये म्हणून. हा कोपऱ्यात तपकिरी पट्टा दिसतोय ना साहेब? आम्ही सगळे म्हणत होतो यांचं बोट आलंय. बोटाला अशा पुठ्ठ्याच्या कडेसारख्या लाटा असतात का?"

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "तुम्ही लेखी दिलंय अंगणातून," तो सुपरवायझरला म्हणाला.

"नक्की लक्षात नाही. वर असेन तेव्हा. हवेसाठी पुठ्ठा काढला असेल."

"चला बघू," अधिकारी उठला. त्याच्याबद्दल माझं मत बदललं असं नाही, पण तो उठला.

सँपलच्या खोलीत काळोख. भिंतींवर नमुन्यांचे शर्ट टांगलेले. खिडकीच्या सगळ्या पुठ्ठ्यांची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालेली, नखानं उचललं तर तुकडे पडतील अशी. एका पुठ्ठ्याची मात्र चकचकीत, नवी. अधिकाऱ्यानं तो पुठ्ठा ओढला. उजेड आत आला आणि खाली, बरोबर मधोमध, मागचं गेट.

"चोर दिसला की माणूस ओरडतो," टाचणी म्हणाली. "यांनी आधी येऊन पुठ्ठा सोलून ठेवला. मग वाट बघत बसले. हिला गेटावर कोण धाडणार, कधी धाडणार, हे यांना आधीच कसं ठाऊक?"

सुपरवायझर या खेपेला हसला नाही.

निकाल आला. आरोप सिद्ध होत नाही, संशयाचा फायदा देऊन कामावर घ्यावं. सुपरवायझरला दुसऱ्या शाखेत पाठवलं. ती शिक्षा होती की बढती, हे मी अजून शोधतेच आहे. बायकांनी गेटावर टाळ्या वाजवल्या. धाकटीनं निकाल मला वाचायला लावला आणि म्हणाली, "संशयाचा फायदा म्हणजे? संशय आहेच म्हणतायत ना?" मी तिला कायद्याची भाषा समजावली. ती ऐकत नव्हती. ती भिंतीपाशी उभ्या असलेल्या टाचणीकडे बघत होती. मग तिच्याजवळ गेली.

"तुला वाटलं होतं ना, मी घेतलं?"

दुसरी कुणीही बाई इथं नाही म्हणाली असती. टाचणी म्हणाली, "वाटलं होतं."

"कधीपर्यंत?"

"खुर्चीवर चढेपर्यंत."

धाकटीनं मान हलवली आणि घराकडे निघाली. त्या रात्री प्लायवूडच्या भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही, असं टाचणीनंच मला सांगितलं. म्हणजे कान लावून बसली होती.

धाकटी कामावर परतली त्या सकाळी मी कारखान्याच्या रस्त्यावर थांबले होते, कुणी काही बोललं तर बघून घ्यायला. दोघी येताना दिसल्या. धाकटी पुढं, टाचणी चार हात मागं, फोटोबद्दल सरसाठी लिहिलेला निबंध पिशवीत घालून. गेटाच्या अलीकडे धाकटी थांबली, वळली.

"पुढं हो. मागून चालू नकोस. पाळत ठेवल्यासारखं वाटतं."

"पुढं गेले तर तू मागं राहशील."

"राहू दे. आता जरा मला बघू दे तुला."

टाचणी पुढं झाली. ताठ मानेनं, पाय मोजल्यासारखी चालली. गेटापर्यंत जाईतो तिनं दोनदा मागं वळून बघितलं.